लॅपटॉपवरच्या डेटाबेसला पत्ता कोणता द्यायचा?

घरी नीट चालणारा डेटाबेस कॉलेजच्या वाय-फायवर सुरूच होत नसेल, तर सेटिंगची फाइल उघडून १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता शोधा. बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो. हा पत्ता राउटर डीएचसीपीने (आपोआप पत्ते वाटणाऱ्या व्यवस्थेने) तात्पुरता देतो. वाय-फाय बदललं की तोही बदलतो. डेटाबेसला मात्र जुन्याच पत्त्यावर ऐकायला सांगितलेलं असतं. तो पत्ता मशीनवर उरलेलाच नसतो, म्हणून लॉगमध्ये ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस’ असं उमटतं.

डेटाबेस आणि तो वापरणारा प्रोग्रॅम एकाच लॅपटॉपवर असतील तर १२७.०.०.१ लिहा आणि विषय संपवा. हा लूपबॅक पत्ता मशीनच्या बाहेर जात नाही आणि नेट बंद असतानाही चालतो. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ‘लिसन_ॲड्रेसेस’ (कोणत्या पत्त्यावर ऐकायचं ते सेटिंग) मुळातच लोकलहोस्ट, म्हणजे हेच मशीन, असतं; त्याला हात लावू नका. मायएसक्यूएल या डेटाबेसचं तसंच सेटिंग, ‘बाइंड-ॲड्रेस’, मात्र मुळात सगळ्या पत्त्यांवर ऐकतं. उबुंटूचं पॅकेज ते १२७.०.०.१ करून देतं, तरी एकदा बघून घ्याच.

मायएसक्यूएलची आणखी एक खोड आहे. लिनक्स आणि मॅकवर होस्ट म्हणून लोकलहोस्ट दिलं, तर क्लायंट (जोडणारा प्रोग्रॅम) टीसीपीऐवजी, म्हणजे पत्ता आणि पोर्ट वापरण्याऐवजी, सॉकेट फाइलने (त्याच मशीनवरच्या एका खास फाइलीतून) जोडतो. म्हणजे ३३०७ पोर्टवर (पोर्ट म्हणजे पत्त्यावरच्या दाराचा क्रमांक) दुसरा सर्व्हर चालवून लोकलहोस्टबरोबर तो पोर्ट दिलात, तरी पोर्टकडे दुर्लक्ष होतं. जोडणी होते ती जुन्याच सर्व्हरशी, आणि आपण नव्याची टेबलं तिथे शोधत बसतो. अशा वेळी १२७.०.०.१ लिहायचं.

शेजारच्या लॅपटॉपवरून जोडायचं असेल तेव्हा नवशिक्यांचा हमखास गोंधळ होतो: लिसन_ॲड्रेसेसमध्ये मित्राच्या मशीनचा पत्ता टाकतात. तिथे आपल्या मशीनचा पत्ता लागतो. आपल्या कोणत्या दारावर कान द्यायचा, एवढंच ते सेटिंग ठरवतं. आत कोणाला घ्यायचं ते पोस्टग्रेएसक्यूएलच्या पीजी_एचबीए.कॉन्फ या फाइलीत ठरतं, उदाहरणार्थ १९२.१६८.१.०/२४ (म्हणजे १९२.१६८.१ ने सुरू होणारे सगळे पत्ते) असं लिहून. त्या फाइलीतला बदल रीलोडने लागू होतो. लिसन_ॲड्रेसेस बदललं की रीस्टार्टच करावा लागतो.

तरीही जोडत नाही? ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ लगेच आलं, तर बहुधा त्या पत्त्यावर आणि पोर्टवर कोणी ऐकतच नाहीये. बराच वेळ थांबून टाइमआउट झालं, तर आधी फायरवॉलवर संशय घ्या. पीजी_एचबीएचं नाव घेऊन नकार आला, तर खुश व्हा, नेटवर्क ठीक आहे.

डॉकरमध्ये (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या साधनात) पोस्टग्रेएसक्यूएलसाठी ‘५४३२:५४३२’ असं पोर्ट दिलं की ते सगळ्या पत्त्यांवर उघडतं, आणि उबुंटूवरचा यूएफडब्ल्यू फायरवॉलही ते अडवत नाही. ‘१२७.०.०.१:५४३२:५४३२’ असं लिहा. मग लिनक्सवर ‘एसएस -एलटीएन’, विंडोजवर ‘नेटस्टॅट -एएन’ चालवून ५४३२ ची ओळ बघा: तिथे अजून ०.०.०.० (म्हणजे सगळे पत्ते) दिसत असेल, तर कंटेनर काढून नव्याने बनवा, कारण नुसत्या रीस्टार्टने जुनंच पोर्ट राहतं.