‘आजचा दिवस राहू दे’ : शाळा उघडताना होणाऱ्या चुका

शाळा १५ जूनच्या आसपास उघडतात. विदर्भात उन्हामुळे त्याहून उशिरा. दरवर्षी पहिल्या दिवशी माझ्या तिसरीच्या वर्गात चार-पाच जागा रिकाम्या असतात. फोन केला की ठरलेलं उत्तर येतं, “बाई, ती मामाकडंच आहे अजून. पहिल्या आठवड्यात तसं काय शिकवत्यात?”

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. पहिल्या आठवड्यात धडे फार होत नाहीत, हे कबूल. पण पुस्तकं हातात पडतात, कोण कुणाशेजारी बसणार ते ठरतं, खिचडीच्या रांगेतल्या जोड्या जमतात. आठवड्यानं उगवलेलं मूल आपल्याच वर्गाच्या दारात पाहुण्यासारखं उभं राहतं. मामाकडून दोन दिवस आधी आणा. लग्नकार्य असेलच तर निदान बाईंना कळवा.

दुसरी चूक झोपेची. सुट्टीभर रात्री अकराला झोपलेलं पोर आदल्या रात्री नऊला कसं झोपेल? आठ-दहा दिवस आधीपासून रोज पंधरा-वीस मिनिटं अलीकडे सरका. ते राहून गेलं असेल, तर रात्री दटावत बसू नका. सकाळी ठरल्या वेळी उठवा आणि दुपारची झोप बंद करा. दोन-चार दिवस किरकिर होईल, तेवढी सोसा.

मग येते सोमवारची पोटदुखी. ताप, उलटी, जुलाब असतील तर घरीच ठेवा, त्यात वाद नाही. पण दहा वाजता दुखणारं पोट साडेअकराला अंगणात विटी-दांडू खेळत असेल, तर कारण शाळेत शोधा. माझ्या वर्गातला एक मुलगा दोन दिवस आला नाही, आणि नेमकी त्याच दोन दिवसांत हातच्याची वजाबाकी झाली. तिसऱ्या दिवशी ५२ मधून २७ वजा करताना त्यानं एककात सरळ ७ मधून २ काढले. शेजारचा हसला. पुढच्या गणिताच्या तासाला त्याचं पोट दुखायला लागलं. औषध लागलं ते दहा काड्यांच्या गड्ड्यांचं : मधल्या सुट्टीत दोनदा एक गड्डी सोडून दाखवली, की जमलं. म्हणून “शाळेत काय झालं?” असं मोघम विचारू नका. “आज कुणाशेजारी बसलास? कुठलं गणित अडलं?” असं विचारा.

“थांब, बाईंना नाव सांगते!” ही धमकी तर कृपा करून नकोच. तुम्ही आमचा बागुलबुवा करता आणि मग तेच मूल आमच्या हाती देता.

हिशेबही एकदा मांडून बघा. शिक्षण हक्क कायद्यानुसार पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरली पाहिजे. महिन्याला दोनच दिवस ‘राहू दे’ म्हटलं, तरी दहा महिन्यांत वीस दिवस जातात, म्हणजे दहावा हिस्सा. पेरणीच्या दिवसांत धाकट्याला सांभाळायला थोरलीला घरी ठेवतात, तिचे तर याहून जास्त. अंगणवाडी जवळ असेल तर धाकट्याला तिथं बसवा.

आणि पावसात गणवेश वाळला नाही, तर घरच्या कपड्यांत पाठवा. त्यासाठी मी आजवर कुणाला परत पाठवलेलं नाही.