कलर करून रुक्ष झालेल्या केसांवर उसना थर कसा चढवायचा

आधी एक टेस्ट करून बघा. केस नुसत्या शॅम्पूने धुवा, कंडिशनर नाही, तेल नाही, सीरम नाही, आणि पूर्ण वाळू द्या. मग एक बट पांढऱ्या प्लेटवर सपाट ठेवून मुळाजवळच्या, कलर न लागलेल्या भागावर बोटाने पाण्याचा एक थेंब सोडा आणि दुसरा टोकाला. माझ्या केसांवर मुळाजवळचा थेंब अळवावरच्या पाण्यासारखा गोल बसून राहिला, जरा प्लेट कलती केली तर घरंगळला, आणि टोकाचा थेंब टेकवला न टेकवला तोच पसरून आत गडप. डोकं एकच, केस तोच, आणि फरक असा.

हा फरक करणारी गोष्ट म्हणजे केसाच्या अगदी बाहेरच्या पृष्ठभागावर असलेला फॅटी ॲसिडचा अतिशय पातळ थर. त्यातलं मुख्य ॲसिड १८-मिथाइल आयकोसॅनॉइक ॲसिड, सगळे त्याला १८-एमईए म्हणतात. हे केसावर नुसतं फासलेलं नसतं बरं का, खालच्या प्रोटीनला केमिकल बॉन्डने जोडलेलं असतं, म्हणून साध्या शॅम्पूने निघत नाही. पाणी झटकणं, केसावर केस सरकणं, कंगवा सुळकन जाणं, ओले केस एकमेकांना न चिकटणं, हे सगळं बरंचसं त्याच्यामुळे. पण पर्मनंट कलर किंवा ब्लीचमध्ये अल्कली आणि हायड्रोजन पेरॉक्साइड दोन्ही असतात आणि ही जोडी नेमका तो बॉन्डच तोडते, म्हणून थर जातो आणि खालचं प्रोटीन उघडं पडतं जे पाण्याला बोलावतं. "केस ओले झाले की च्युइंगगमसारखे होतात आणि वाळले की झाडू" असं जे आपण म्हणतो ना, त्यात याचा मोठा वाटा आहे.

आता वाईट बातमी: तो थर परत उगवत नाही. केस मुळातून बाहेर आला की तो मेलेलाच असतो, त्यामुळे कुठलाही मास्क, कुठलंही तेल, कितीही महागाचा स्पा त्याला पूर्वीसारखा बनवत नाही. आपण करायचं एवढंच की दर धुण्याला एक उसना थर चढवायचा, आणि तो पुढच्या धुण्यात थोडाफार जाणारच हे धरून चालायचं. मला हे कळायला फार उशीर झाला, मी आपली महिन्यातून एकदा जाडजूड मास्क लावून चमत्काराची वाट बघत बसायचे आणि मधल्या दिवसांत कंडिशनरला दांडी.

तर कंडिशनर. चांगली बातमी इथे आहे. थर गेलेल्या केसाच्या पृष्ठभागावर निगेटिव्ह चार्ज वाढतो, आणि कंडिशनरमधले मुख्य घटक पॉझिटिव्ह चार्जचे असतात, म्हणजे जिथे जास्त नुकसान तिथे ते जास्त चिकटतात. लेबलवर बेहेनट्रायमोनियम क्लोराइड, सेट्रिमोनियम क्लोराइड किंवा स्टिअरामिडोप्रोपिल डायमिथाइलअमाइन यातलं एखादं वरच्या चार-पाच नावांत दिसायला हवं, आणि सोबत सेटिल, स्टिअरिल किंवा सेटिअरिल अल्कोहोल. अल्कोहोल वाचून दचकू नका, ही मेणासारखी फॅटी अल्कोहोल्स आहेत, केस कोरडे करणारी नव्हेत. अमोडायमेथिकोन असेल तर उत्तमच, हे सिलिकॉनसुद्धा खराब झालेल्या भागावर जास्त बसतं. क्वाटर्नियम-३३ नावाचा लॅनोलिनपासून बनणारा घटक दिसला तर तो याच १८-एमईएच्या जवळपासचं काहीतरी केसावर बसवायला वापरतात, पण तोही बॉन्डने जोडला जात नाही, चार्जवरच टिकतो.

लावायची पद्धत. शॅम्पू फक्त टाळूला, फेस लांबीवरून नुसता वाहू द्या, टोकं चोळू नका. मग शॅम्पू नीट निघेपर्यंत धुवा, कारण शॅम्पूचा क्लेंझर निगेटिव्ह चार्जचा असतो, तो उरला तर कंडिशनर त्यालाच जाऊन चिकटतो आणि वाहून जातो. पाणी हाताने पिळून काढा, थबथबलेल्या केसांवर कंडिशनर नुसता पातळ होतो. मग कानाखालून टोकापर्यंत लावा, टोकांना जास्त, आणि रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर वर सोडवत या. हाताला केस गुळगुळीत लागेपर्यंत थांबायचं, दोन-तीन मिनिटं पुरे होतात. तासभर ठेवल्याने फार वेगळं काही होत नाही, मी करून बघितलंय.

टॉवेलने खसाखसा पुसणं बंद. दाबून पाणी टिपा, आणि केस दमट असतानाच सीरमचे दोन-तीन थेंब तळहातावर पसरून टोकांना. हेअर ड्रायर किंवा स्ट्रेटनर वापरणार असाल तर त्याआधी हीट प्रोटेक्टंट लावाच, आणि ओल्या केसांवर स्ट्रेटनर कधीच नाही, आतल्या पाण्याची वाफ होऊन केसाला फोड येतात, अक्षरशः.

तेलाबद्दल भांडणं खूप होतात. खोबरेल तेल धुण्याआधी काही तास लावलं तर थोडं केसाच्या आत शिरतं, त्यामुळे पाण्याने फुगणं आणि प्रोटीन निघून जाणं कमी होतं, हे खरं आहे. पण ते गेलेला थर भरून काढतं असं नाही, आणि धुतल्यावर कंडिशनर लागतोच. लांबीला पुरेल इतकं, म्हणजे अगदी चमचाभर, नाहीतर ते काढायला दोनदा शॅम्पू करावा लागतो आणि केलेलं सगळं पाण्यात.

साबण आणि बेकिंग सोडा केसांच्या जवळपास फिरकू देऊ नका, दोन्ही अल्कलीच. शॅम्पू ५.५ किंवा त्याखालच्या पीएचचा घ्या. व्हिनेगर किंवा लिंबू पाण्यात पातळ करून शेवटचं धुणं करतात, त्याने केस जरा गुळगुळीत लागतात पण गेलेला फॅटी थर त्यात कुठून येणार. बॉन्ड बिल्डर नावाची प्रॉडक्ट्स केसाच्या आतल्या ताकदीसाठी असतात, पृष्ठभागाचं काम वेगळं, त्यामुळे ते लावलं म्हणून कंडिशनर सोडू नका. सिलिकॉनचा थर साचून केस जड, लोळागोळा वाटायला लागले तर एकदा क्लॅरिफायिंग शॅम्पू करा आणि त्याच धुण्यात लगेच कंडिशनर. पोहायला जाताना केस आधी साध्या पाण्याने भिजवून कंडिशनरचा हात फिरवा, म्हणजे क्लोरीनचं पाणी कमी शिरतं.

आणि सगळ्यात मोठी बचत पुढच्या कलरला होते. टच-अपच्या वेळी फक्त वाढलेली मुळं रंगवा. मी दोन वर्षं दरवेळी उरलेला रंग "वाया कशाला घालवायचा" म्हणून टोकांपर्यंत ओढत होते, म्हणजे ज्या टोकांचा थर आधीच गेलाय त्यांना दर दीड-दोन महिन्यांनी पुन्हा अल्कलीची आंघोळ. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतात, म्हणजे ३० सेंटीमीटरच्या केसाचं टोक अडीच वर्षांचं असतं, त्याने किती वेळा सोसलं असेल बघा. रंग लावताना आधीच्या रंगवलेल्या लांबीला कंडिशनर फासून ठेवा म्हणजे ओघळ लागला तरी कमी लागतो. लांबीचा रंग फिका वाटला तर पेरॉक्साइड नसलेला सेमी-पर्मनंट कलर किंवा रंगीत मास्क वापरा.

फाटलेली टोकं मात्र कापाच. तिथे क्यूटिकल, म्हणजे केसाचं बाहेरचं कवचच, उरलेलं नसतं, उसना थर बसणार तरी कशावर.