थंडीत डोझर चालू होतो पण जागचा हलत नाही? पाना हातात घ्यायच्या आधी हे बघा

लडाख, लाहौल, सिक्कीमकडच्या साईटवर आपल्याकडची बरीच पोरं ऑपरेटर नाहीतर मेकॅनिक म्हणून जातात, ग्रेफचं (सीमेवरचे रस्ते बांधणारं दल) तर सेंटरच पुण्यात दिघीला आहे, त्यामुळे हा प्रश्न दर हिवाळ्यात कुणी ना कुणी फोन करून विचारतंच. सेल्फ मारला, इंजिन चालू झालं, गियर टाकला आणि मशीन जागेवर ढिम्म. आपल्याकडे खाणीवर किंवा धरणाच्या कामावर असं झालं की पहिला संशय ट्रान्समिशनवर जातो आणि तो बऱ्याचदा खरा पण निघतो. तिकडे तसं नाही, उणे पंधरा-वीसच्या रात्रीनंतर सकाळी मशीन हलत नसेल तर ट्रान्समिशन बहुतेक वेळा धडधाकट असतं आणि लोक उगाच कव्हर खोलून बसतात. २०२३ ला श्रीनगर-लेह रस्त्यावरचा झोजिला घाट ६८ दिवस बंद राहून १६ मार्चला उघडला, अशा दिवसांत एक गॅस्केट फाटलं तरी मागवणार कुठून, म्हणून मी तर म्हणतो खोलायचं काम सगळ्यात शेवटी.

खाली लिहिलंय ते टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गियरला देणारा भाग) आणि पॉवरशिफ्ट गियरच्या (तेलाच्या प्रेशरने क्लच धरणाऱ्या) डोझरसाठी, म्हणजे बीईएमएलचा बीडी १५५ किंवा कोमात्सु, कॅटचे तशा जातीचे. हायड्रोस्टॅटिक मशीनचं (पंप-मोटरच्या तेलावरच चालणारं) गणित थोडं वेगळं असतं, त्यात तेल गरम झाल्याशिवाय कॉम्प्युटरच स्पीड देत नाही असे पण मॉडेल आहेत, तिथे आधी डिस्प्लेवर काय कोड आलाय ते बघा.

आता मुद्द्याचं. मशीन सपाट जागेवर आहे, आजूबाजूला कुणी नाही, हेल्पर चेनपासून लांब उभा आहे एवढं बघून घ्या. इंजिन दहा-पंधरा मिनिटं कमी रेसवर चालू द्या, ब्लेड थोडं वर घ्या, लॉक लिव्हर सोडा (हसू नका, जाड हातमोज्यात तो अर्धाच सुटतो आणि कळत नाही), ब्रेक सोडा, फर्स्ट फॉरवर्ड टाका, थोडीशीच रेस द्या आणि फक्त ऐका. इंजिन दम खायला लागलं, आरपीएम खाली आला, मशीनला हिसका बसल्यासारखं वाटलं, तर ताकद खालपर्यंत पोचतेय, पुढे काहीतरी जाम आहे. न्यूट्रलमध्ये फिरतं तसंच मोकळं भुर्रर्र फिरत राहिलं तर ताकद खाली पोचतच नाहीये, म्हणजे तेल, प्रेशर किंवा करंट. आणि गियर न टाकताच रेस दिल्यावर इंजिन मरायला लागलं तर चेन-बिन सोडा, डिझेल बघा. हे तीन वेगळे आजार आहेत, तिघांना एकच औषध लावलं की दिवस जातो. फक्त एक लक्षात ठेवा, झोजिला ३,५२८ मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६५ टक्केच असतो, त्यामुळे इंजिन एरवीपेक्षा लवकर दम खातं. थोडा आरपीएम पडला म्हणून लगेच जाम समजू नका, रोज गियर टाकल्यावर किती पडतो ते ध्यानात असू द्या.

इंजिन दम खातंय, चेन हलत नाही

निम्म्या केसेस इथेच संपतात. दुपारी ऊन पडतं, बर्फ वितळतो, चिखल होतो, तो चिखल स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणारं दातेरी चाक) दातांत, रोलरच्या मध्ये, चेनच्या वरच्या रोलरवर बसतो आणि रात्री सिमेंटसारखा धरतो. शिवाय चेनच्या पट्ट्या खाली जमिनीला चिकटतात ते वेगळंच. टॉर्च घेऊन खाली वाकून बघा, पट्टी आणि जमीन यांच्यामध्ये काळपट चकचकीत बर्फाची रेघ दिसली की समजा मशीन जमिनीला शिवलं गेलंय.

इंजिन बंद करा, चावी खिशात ठेवा, मग पहार आणि घण घ्या. सुरुवात स्प्रॉकेटपासून, कारण गोळा सगळ्यात जास्त तिथेच होतो आणि दातात अडकलेला बर्फाचा खडा चेनला फाजील ताण देतो, त्यात जोर लावला की पिन नाहीतर लिंक जाते. मग रोलर, मग वरचा रोलर हाताने किंवा पहारीने फिरतो का ते. उकळतं पाणी ओतायचा मोह सगळ्यांना होतो, ओतू नका, पाच मिनिटं बरं वाटतं आणि मग तेच पाणी आत जाऊन आणखी घट्ट गोठतं. गरम हवेचा ब्लोअर असेल तर ताडपत्री टाकून खालून हवा सोडा, ते खरंच काम करतं.

मोकळं केल्यावर चालू करून हायड्रॉलिक आधी थोडं गरम करा, ब्लेड हळूहळू वर-खाली, टिल्ट दोन्हीकडे, एकदम पूर्ण रेसवर नाही. मग ब्लेड खाली दाबून पुढचं नाक थोडं उचला, सोडा, मागे रिपर (जमीन फोडायचा दाता) असेल तर तो दाबून मागची बाजू उचला. एवढ्यात कडकन आवाज येऊन चेन जमिनीपासून सुटते. सुटली की फूटभर पुढे, फूटभर मागे, असं करत जा. लगेच वळवू नका, सरळच चालवा, कारण गोठलेल्या जमिनीवर वळण घेताना सगळा आडवा जोर चेन आणि फायनल ड्राईव्हवर (स्प्रॉकेट फिरवणारे शेवटचे गियर) येतो. आणि फुल्ल रेस देऊन फॉरवर्ड-रिव्हर्स हिसके मारणारे ऑपरेटर मी बघितलेत, मशीन त्यांचं नसतं म्हणून जमतं त्यांना.

चेन स्वच्छ आहे तरी इंजिन दम खातंय? मग ब्रेक. नव्या मशीनमध्ये ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि तेलाच्या प्रेशरने सुटतो, म्हणजे प्रेशर नसेल तर तुम्ही पेडल सोडलं तरी ब्रेक लागलेलाच. थंड तेलात हे होतं, थांबा, गरम होऊ द्या. एकच चेन अडकत असेल, मशीन एका बाजूला ओढत असेल, तर त्याच बाजूचा ब्रेक किंवा त्याच बाजूचा रोलर. जुन्या मशीनला कोरडा पट्ट्याचा ब्रेक असेल तर त्या कप्प्यात पाणी शिरून गोठलंय का बघा, खालचा ड्रेन प्लग काढून पाणी निघतं का ते आधी.

आणि पेडलच्या खाली बघाच. बुटाला लागून आलेला बर्फ केबिनच्या हीटरने वितळतो, पेडलच्या खाली ओघळतो, रात्री तिथेच दगड होतो. ब्रेकचं पेडल पूर्ण वर येत नाही, नाहीतर डिसेलचं (रेस कमी करायचं) पेडल अर्धं दाबलेलं राहतं आणि मग रेस दिली तरी इंजिन चढत नाही, आणि लोक पंप खोलायला निघतात. स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं की झालं.

इंजिन मोकळं फिरतंय, मशीनला पत्ताच नाही

इथे पहिला प्रश्न, ट्रान्समिशनमध्ये तेल कुठलं आहे? मशीन नागपूर किंवा नाशिककडून आलं असेल तर आत ३० नंबर (जाड ग्रेडचं तेल) असायची शक्यता जास्त, ते आपल्याकडे बरोबर आहे पण उणे वीसला ते पंपाला ओढवतच नाही. पंप ओरडतो, बारीक किरकिर आवाज येतो, प्रेशर बनत नाही, क्लच धरत नाही. कडक थंडीला १० डब्ल्यू (पातळ ग्रेडचं) लागतं, टीओ-४ दर्जाचं (ट्रान्समिशन तेलाचा कॅटचा दर्जा), नेमकं कुठलं ते मशीनच्या मॅन्युअलमधल्या तापमानाच्या तक्त्यात दिलेलं असतं. तेल जाड आहे हे ओळखायचं कसं, तर डिप्स्टिक काढा, टोकाला थेंब होऊन पडतोय की मधासारखी तार लोंबतेय ते बघा. लेव्हलपण त्याच वेळी बघा, मॅन्युअलमध्ये सांगितलंय तशीच, काही मशीनची इंजिन चालू ठेवून बघतात, काहींची बंद करून.

जाड तेलाचं लक्षण म्हणजे अर्ध्या तासाने मशीन आपोआप चालायला लागतं आणि मग दिवसभर तक्रार नाही. मग रिपेअर काही नाही, तेल बदला आणि सकाळी कन्व्हर्टरच्या तापमानाचा काटा हिरव्यात येईपर्यंत थांबा. ब्रेक दाबून गियरमध्ये रेस देऊन तेल गरम करायची पद्धत आहे, पण ती मॅन्युअलमध्ये दिली असेल तरच आणि काट्यावर नजर ठेवून, नाहीतर कन्व्हर्टर उकळतो.

उलटं झालं, म्हणजे आधी हललं आणि मग ताकद गेली, तर सक्शनची जाळी बघा. दिवसा गरम, रात्री थंड यात पेटीत दव धरतं, ते पाणी खाली बसतं, आणि सकाळी बर्फाचे कण तेलाबरोबर जाळीवर जाऊन बसतात. डिप्स्टिकवर तेल दुधी दिसलं तर नक्की. असं तेल गरम करून पूर्ण काढा, जाळी धुवा, फिल्टर बदला. ब्रीदर (पेटीचं हवेचं भोक) बर्फाने बुजलेला नाही ना तेवढं बघून घ्या.

तेल ठीक असेल तर करंट. गियरचे सोलेनॉइड (करंटवर उघडणारे तेलाचे व्हॉल्व्ह) २४ व्होल्टवर असतात, थंडीत बॅटरीची ताकद निम्म्यावर येते, सेल्फने ओढली की उरतं काय. इंजिन चालू असताना मीटर लावा, २४ च्या खाली दाखवत असेल तर आधी अल्टरनेटर आणि बॅटरीच्या टोकांची साफसफाई. जुन्या मशीनला लिव्हरपासून केबल असते, आवरणात पाणी शिरून ती गोठते, लिव्हर दगडासारखा घट्ट लागतो किंवा हलतो पण पलीकडचा स्पूल (व्हॉल्व्हमधली सरकणारी दांडी) हलत नाही, तेव्हा हेल्परला त्या टोकाला बघायला सांगा, तेही इंजिन बंद ठेवूनच. आणि फॉरवर्ड चालतं, रिव्हर्स नाही (किंवा उलट) असं असेल तर थंडीला दोष देऊ नका, तो त्या क्लचचा किंवा त्याच्या सोलेनॉइडचा मामला आहे.

इंजिनच मरतंय

साधं डिझेल या थंडीसाठी बनवलेलंच नसतं. भारतीय मानकात हिवाळी डिझेल उणे नाही, अधिक ६ अंशांपर्यंतच फिल्टरमधून जाईल एवढीच हमी मागितलीय, मग मैदानातून टँकर भरून आलेलं डिझेल द्रासला काय करणार. त्यातलं मेण सुटतं आणि फिल्टर बुजतो. इंजिन चालू होतं, दोन मिनिटं बरं चालतं, लोड दिला की बसतं. फिल्टर काढून उलटा केला तर आत पांढरट लगदा दिसतो. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी विंटर डिझेल आणलं, त्याचा पोअर पॉइंट (त्याखाली डिझेल वाहायचं थांबतं ते तापमान) उणे ३३ आहे, तेच भरा. पण टाकीत आधीचं उरलेलं असेल तर ते आधी काढा. रॉकेल मिसळायची जुनी सवय नव्या कॉमन रेल (खूप दाबाने डिझेल मारणाऱ्या) इंजिनाला महागात पडते, पंप त्या डिझेलच्याच वंगणावर जगतो. टाकीखाली शेगडी पेटवणारे अजून आहेत, त्यांच्याजवळ उभंसुद्धा राहू नका. मॅनिफोल्ड हीटर किंवा ग्लो प्लग असलेल्या इंजिनात ईथरचा (थंडीत इंजिन पेटवायला मारतात तो) स्प्रे मारायचा नाही, स्फोट होतो.

काहीच जमलं नाही आणि दुसऱ्या मशीनने ओढायचं ठरलं तर स्प्रिंगचा ब्रेक आधी हाताने सोडवावा लागतो, कसा ते मॅन्युअलमध्ये असतं. तसंच ओढलं तर ब्रेकच्या प्लेटा जळतात. वायर रोप ताणलेली असताना तिच्या दोन्ही बाजूंना कुणीही नको.

संध्याकाळचं काम वीस मिनिटांचं. चिखल गोठायच्या आधी फावड्याने चेन साफ करा, मशीन खडीवर किंवा लाकडी स्लीपरवर उभं करा, ब्लेड पण फळीवर टेकवा नाहीतर तेही चिकटतं. टाकी फुल्ल भरा म्हणजे आत दव धरायला जागा राहत नाही, वॉटर सेपरेटरचं पाणी काढा, बॅटऱ्या काढून खोलीत न्या, आणि बूट झटकून मगच केबिनमधून उतरा-चढा करा.