झाडांवरून मातीतला ओलावा कसा ओळखावा

पावसाळ्यात सगळेच रान हिरवे असते आणि त्या हिरवाईवरून जमिनीतल्या पाण्याचा काहीच अंदाज येत नाही, म्हणून मी ही पाहणी नवतपा (मे अखेरीस सुरू होणारे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू झाल्यावर नागपूरच्या पश्चिमेला, हिंगण्याकडच्या बरडावर करतो. थरच्या वाळवंटात वर्षातला बहुतेक काळ जी टंचाई असते, ती आपल्याकडे मे महिन्यात जाणवते. त्यामुळे तिकडची झाडे पारखण्याची रीत इथेही उपयोगी पडते.

सुरुवातीलाच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मातीत एकूण पाणी किती आहे हे झाड सांगत नाही. त्यातले किती पाणी मुळांना ओढता येते, एवढेच ते सांगते. काळी माती हाताला ओलसर लागत असूनही तिच्यातले रोप कोमेजते, कारण चिकण मातीचे अतिसूक्ष्म कण उरलेले पाणी घट्ट धरून ठेवतात. वाळू तसे धरून ठेवत नाही. शिवाय पाऊस तिच्यात झटकन खोल मुरतो आणि वरचा कोरडा थर खालची ओल उडू देत नाही. थरच्या वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्यांवर फोगाची झुडपे तग धरतात, ती याच बळावर.

पाहणी एकाच झाडाची दोनदा करावी, एकदा भर दुपारी आणि पुन्हा पहाटे, ऊन पडण्यापूर्वी. दुपारी पाने लोंबणे ही मोठी खूण नव्हे, कारण उन्हात पानांतून उडणारे पाणी मुळे तेवढ्या वेगाने पुरवू शकत नाहीत. रात्री बहुतेक झाडांची पर्णरंध्रे (पानांवरची सूक्ष्म छिद्रे) मिटतात, मुळे संथपणे पाणी ओढत राहतात आणि पहाटेपर्यंत पानांतला ताण (पाणी ओढून धरणारा जोर) मातीतल्या ताणाच्या जवळपास येतो. मागच्या मे महिन्यात एका उतारावर करंजाची दोन रोपे मी अशी पाहिली. दुपारी दोन्ही मलूल होती; पहाटे नाल्याजवळच्या रोपाची पाने ताठ झाली होती, वरच्या रोपाची मात्र तशीच लोंबत होती. तिथे पहारीने खणले, तर वीतभर मातीखाली कोरडा मुरूम लागला. निवडुंग आणि थोर यांना ही कसोटी लावू नये, कारण ते मागच्या पावसाचे पाणी अंगातच साठवतात.

त्यानंतर खोलीचा अंदाज घ्यावा. गवत वरच्या थराबद्दल बोलते, झुडूप त्याखालच्या आणि मोठे झाड त्याहून खोल थराबद्दल. गवत वाळलेले असताना बोरीची झुडपे हिरवी असतील, तर वरचा थर संपला आहे, पण खाली ओल शिल्लक आहे असे समजावे. नाल्यापासून दूर, उतारावर उंबर, जांभूळ किंवा शिंदी एका रांगेत उभी दिसली, तर ती जागा नीट तपासावी, कारण बसाल्टमधली भेग किंवा दोन थरांमधला सांधा बहुधा अशाच रेषेत पाणी वाहून नेतो.

हिरव्या झाडाजवळ पाणी उथळच असेल, असे मात्र गृहीत धरू नये. माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. दसऱ्याला आपण पूजतो ती शमी थरच्या वाळवंटात खेजडी म्हणून ओळखली जाते आणि ऐन उन्हाळ्यात तिला नवी पालवी फुटते, कारण तिची मुळे फार खोल गेलेली असतात. वेड्या बाभळीच्या कुळातल्या मेस्किट या झाडाची मुळे अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात एका खाणीत सुमारे ५३ मीटर खोलीवर सापडली होती.

पाण्याचा गोडवाही झाडांवरून काही अंशी कळतो. थर आणि कच्छच्या भागात झाऊ किंवा लाणा ही झुडपे दाट वाढलेली असतील, तर जमीन खारवट असण्याची शक्यता मोठी असते आणि पाणी जवळ असूनही ते पिकाच्या कामाचे नसते. अशा ठिकाणी विहिरीची जागा ठरवण्यापूर्वी शेजारच्या विहिरीचे पाणी आणि तिथली माती प्रयोगशाळेत तपासून घ्यावी.