फिल्म प्लेटला धरत नव्हती तेव्हा

जुलैत गिरगावच्या घरी, मागच्या खोलीत पिवळा बल्ब लावून फोटोपॉलिमर एचिंग शिकायला बसले; म्हणजे तांब्याच्या प्लेटवर अतिनील प्रकाशाने कडक होणारी फिल्म चिकटवायची, तिच्यात चित्र उमटवायचं आणि शाई भरून कागदावर छाप काढायचा. अ‍ॅसिड नाही, धूर नाही, याचंच मोठं अप्रूप. पण फिल्मचा कडक न झालेला भाग काढायला धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात प्लेट घातली की निळी फिल्म कडेने सालीसारखी सुटायची. तीन प्लेटा गेल्या, फार जिवाला लागलं. सोडा जास्त होतोय असं वाटायचं. तो लिटरला 10 ग्रॅम, बरोबरच होता. खोट होती तांब्यावरच्या तेलकट बोटांत आणि पावसाळी दमटपणात.

आता प्लेट बारीक पॉलिश पेपरने घासते, व्हिनेगर-मिठाने चोळून धुते. नळाखाली पाणी थेंब न होता सलग पसरलं, तरच पुढे. मग हेअर ड्रायरने पूर्ण सुकवून, कोमट प्लेटवर मधून कडेकडे दाबत फिल्म लावते.

काल आजीच्या नथीचा छाप काढला. मोती न् मोती सुटा आला.