“मला नाही जमणार” म्हणणाऱ्या तरुण सेवकाला धीर कसा द्यावा

“काकू, माझ्याऐवजी दुसऱ्या कोणाला तरी द्या ना.” मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तरुण संघाची, गायनाची किंवा संडे स्कूलची जबाबदारी घेतलेल्या मुलामुलींच्या तोंडून हे मी पुष्कळदा ऐकलं आहे. म्हणणारा बहुधा मनापासून सेवा करणाराच असतो. आपण वडीलधारी माणसं लगेच म्हणतो, “अरे, घाबरतोस काय, देव आहे ना!” ते खरंच आहे. पण इतक्या घाईनं म्हटलं की मुलाला वाटतं, यांना माझं ऐकायचंच नाही. म्हणून आधी त्याच्याजवळ बसा. नक्की काय जमणार नाही असं वाटतंय ते विचारा आणि त्याला पुरतं बोलू द्या.

कारण “मी लायक नाही” या शब्दांमागचं दुखणं प्रत्येकाचं निराळं असतं. वचनाचा, म्हणजे बायबलचा, अभ्यास कमी पडतोय असं वाटत असेल तर पुढच्या संदेशाचा उतारा त्याच्याबरोबर बसून वाचा; एवढ्यानं निम्मी भीती जाते. कोणी नुसता थकलेला असतो. बायबलमध्ये 1 राजे 19 मध्ये एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. अशा मुलाचं काम काही आठवडे इतरांनी उचलावं, आणि ही विश्रांती आहे हे मंडळीला स्पष्ट सांगावं, म्हणजे कुजबुज होत नाही. तिसरं दुखणं नाजूक. एखादं पाप लपवून सेवा करताना मन खात असतं. तिथे पाठ थोपटू नका. त्याला पापकबुलीची आणि क्षमेची गरज आहे, कधी काही काळ सेवेपासून बाजूला होण्याचीही. त्याला विश्वासात घेऊन पाळकांकडे चला. आणि कृपा करून, प्रार्थनाविनंतीच्या नावाखाली ती गोष्ट चार घरी जाऊ देऊ नका.

तरुणपणावरून कोणी तुला तुच्छ लेखू नये, हे 1 तीमथ्य 4:12 मधलं वचन आपण तरुणांना हमखास देतो. मी त्यांना तिथेच थांबू देत नाही. बोलणं, वागणं, प्रीती, विश्वास, शुद्धता या बाबतीत कित्ता हो, असं पुढे आहे. त्यात सुरेल गळा नाही, माईकवरचा सफाईदारपणाही नाही. 15 व्या वचनात तर प्रेषित पौल आपल्या या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, म्हणतो, तुझी प्रगती सर्वांना दिसू दे. म्हणजे तीमथ्याला अजून वाढायचं आहे हे पौलाला ठाऊक आहे, आणि तरीही इफिसच्या मंडळीचं काम त्याच्याकडे आहे. हे लक्षात आलं की मुलांचे खांदे सैल होतात.

इस्राएलांना मिसरातून बाहेर काढायला देव पाठवतो आणि मोशे “मी कोण?” असं विचारतो तेव्हा देव त्याचे गुण मोजून दाखवत नाही, मी तुझ्याबरोबर असेन, एवढंच सांगतो. मोशे जिभेच्या जडपणाचं कारण पुढे करतो आणि शेवटी दुसऱ्या कोणाला पाठव म्हणतो, तेव्हा देव रागावतो खरा, पण त्याच्या भावाला, अहरोनाला, सोबत देतो. येशूनंही शिष्यांना दोघादोघांनी पाठवलं. म्हणून नव्या सेवकाला एकटं उभं करू नका. एकानं प्रार्थना सभा चालवावी, दुसऱ्यानं वचन सांगावं. सुरुवात दहा मिनिटांच्या बोधानं होऊ दे, पण तो बोध पूर्णपणे त्याचा असू दे. तुम्ही पुढच्या रांगेत बसा, म्हणजे घाबरल्यावर बघायला त्याला एक ओळखीचा चेहरा असेल.

नंतर “छान झालं” म्हणून सोडून देऊ नका. त्या शब्दांवर कोणाचाही विश्वास बसत नाही. नेमकं सांगा: “वधस्तंभाविषयी बोलताना तू सावकाश झालीस, तेव्हा मागच्या रांगेतली कुजबुज थांबली.” चूक त्याच दिवशी सांगू नका. दोन दिवसांनी, एकांतात सांगा, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात तर कधीच नको.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. आपण सगळा धीर त्या मुलाला देत बसतो आणि मंडळीला काहीच सांगत नाही. पौलानं तसं केलं नाही. तीमथ्याला तर त्यानं लिहिलंच, पण 1 करिंथ 16:10-11 मध्ये करिंथच्या मंडळीलाही बजावलं की तो आला तर त्याला तुमच्यामध्ये निर्भयपणे राहता यावं हे पाहा, कोणी त्याला तुच्छ मानू नये. कित्येकदा भीती मुलाच्या मनात उगवत नाही, बाकांवरून येते. कोणी आधीच्या पुढाऱ्याशी तुलना करतं, कोणी भर सभेत वचनाचा आकडा दुरुस्त करतं. अशा वडीलधाऱ्यांना बाजूला घेऊन आदरानं बोला. मी त्यांना उपासनेआधी त्या मुलावर हात ठेवून प्रार्थना करायची विनंती करते. ज्याच्यासाठी आपण प्रार्थना केली, त्याच्या चुका काढत बसणं जड जातं.

आणि मुलगा खरोखरच चुकला, काम अर्धवट टाकून गेला तर? पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा यांच्याबरोबर सेवेला निघालेला योहान मार्क प्रवासातून मागे फिरला होता. त्याच्यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात एवढा वाद झाला की ते वेगळे झाले, आणि बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला. पुढे तोच पौल 2 तीमथ्य 4:11 मध्ये मार्काला घेऊन ये म्हणतो, तो सेवेसाठी उपयोगी आहे. मधल्या काळात मार्काला एक बर्णबा मिळाला होता. म्हणून चुकीनंतरच्या त्याच आठवड्यात फोन करा, भेटा, पुढची संधी कधी ते ठरवून सांगा.

कधी मात्र ते काम खरंच त्या मुलाचं नसतं. सूर लागत नसेल तर गायनाचा आग्रह नको. आजाऱ्यांना भेटायला जाताना त्याला सोबत न्या, मुलांच्या वर्गात बसवा आणि तो कुठे मोकळा होतो ते बघा. नुकत्याच विश्वासात आलेल्याला मंडळीच्या देखरेखीचा भार देऊ नये असं 1 तीमथ्य 3:6 मध्येच आहे. तेव्हा “अजून नको” म्हणणाऱ्याला नाराजी न दाखवता वेळ द्या, आणि काही महिन्यांनी पुन्हा विचारा.