भारतात मंजूर झालेल्या पेटंटच्या जोरावर जपानमध्ये लवकर परीक्षण कसे करून घ्यावे

एका देशाचे पेटंट दुसऱ्या देशात चालत नाही. 'जागतिक पेटंट' म्हणून काही मिळत नाही. पीसीटीचा (पेटंट सहकार्य कराराचा) आंतरराष्ट्रीय अर्जसुद्धा शेवटी प्रत्येक देशाचे कार्यालय आपापल्या कायद्याने तपासते. पण एका परीक्षकाने जुनी पेटंटे आणि शोधनिबंध धुंडाळून जे काम केलेले असते ते दुसऱ्याने पाहावे आणि तो अर्ज रांगेत पुढे घ्यावा, एवढे सहकार्य कार्यालयांमध्ये होऊ शकते. जपान आणि अमेरिका यांनी जुलै २००६ मध्ये ते प्रायोगिक तत्त्वावर सुरू केले. त्याचे नाव पेटंट प्रॉसिक्युशन हायवे, म्हणजेच पीपीएच. भारत आणि जपान यांच्यातला पीपीएच ५ डिसेंबर २०१९ पासून सुरू झाला.

पीपीएचमुळे रांग टळते, परीक्षा टळत नाही. भारतात मंजुरी मिळाली म्हणून जपानने मंजुरी द्यावी असे कुठल्याही करारात लिहिलेले नाही.

आधी तारखा जुळतात का ते पाहा

दोन्ही देशांतल्या अर्जांची सर्वांत आधीची तारीख एकच असावी लागते. भारतात पहिला अर्ज केला आणि त्याच्या आधारे १२ महिन्यांच्या आत जपानमध्ये किंवा पीसीटीत अर्ज केला, तर हे आपोआप साधते. तेरावा महिना उजाडला की प्रायॉरिटी, म्हणजे पहिल्या अर्जाची तारीख धरण्याचा हक्क, धोक्यात येते आणि तिच्यासोबत पीपीएचही.

भारतात राहणाऱ्या संशोधकाने परदेशात अर्ज करण्यापूर्वी भारतीय पेटंट कायद्याचे कलम ३९ पाहून घ्यावे. आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबायचे, किंवा फॉर्म २५ भरून परवानगी घ्यायची. जपानी कंपनीसोबत पुण्यात काम करणाऱ्या अभियंत्याचे नाव संशोधकांत असेल आणि पहिला अर्ज थेट टोकियोत जाणार असेल, तर ही परवानगी हमखास विसरली जाते. परिणाम गंभीर आहे: त्याच शोधाचा भारतातला अर्ज सोडून दिलेला मानला जातो.

भारतातला निकाल लवकर मिळवा

जपानला दाखवायला भारतीय निकाल हवा, म्हणून खरी घाई इथे करायची. स्टार्टअप, लघुउद्योग, अर्जदारांत किमान एक स्त्री असलेले वैयक्तिक अर्जदार, तसेच पीसीटीत शोध-अहवालासाठी (जुनी पेटंटे आणि निबंध धुंडाळून केलेल्या अहवालासाठी) भारतीय कार्यालय निवडलेले अर्जदार पेटंट नियमांतल्या नियम २४सी खाली जलद परीक्षण मागू शकतात. त्यासाठी नेहमीच्या परीक्षण-मागणीच्या फॉर्म १८ऐवजी फॉर्म १८-ए ऑनलाइन भरायचा. व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्थांना ८,००० रुपये शुल्क पडते, इतरांना ६०,०००.

सोबत लवकर प्रसिद्धी मागणारा फॉर्म ९ जरूर भरा. तो नसेल तर अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, आणि प्रसिद्धीनंतर सहा महिने उलटल्याशिवाय पेटंट देता येत नाही, कारण तो काळ मंजुरीपूर्व हरकतींसाठी राखलेला आहे. फॉर्म ९ भरल्यास साधारण महिन्याभरात प्रसिद्धी होते. म्हणजे सगळे सुरळीत गेले तरी अर्ज केल्यापासून सात महिन्यांच्या आत मंजुरीची आशा धरू नये. पहिला परीक्षण अहवाल, ज्याला सगळे एफईआर म्हणतात, आल्यावर उत्तराला सहा महिने मिळतात. ते सगळे वापरायला हवेत असे मुळीच नाही.

जपानमध्ये परीक्षणाची मागणी करायची घाई करू नका

घोटाळा होतो तो बहुतेक इथेच. जपानमध्ये अर्ज दाखल करणे आणि परीक्षण मागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मागणीसाठी दाखल तारखेपासून तीन वर्षे मिळतात. पीसीटीतून गेल्यास आंतरराष्ट्रीय दाखल तारखेपासून. पीपीएचची विनंती मात्र जपानी परीक्षकाने काम सुरू करण्यापूर्वीच जावी लागते. राष्ट्रीय टप्प्यात शिरतानाच, म्हणजे पीसीटी अर्ज जपानी कार्यालयात नेतानाच, सवयीने परीक्षण-मागणीही करून टाकली, तर भारतातली मंजुरी येईपर्यंत तिकडे पहिली हरकत निघालेली असते आणि दार बंद होते. म्हणून पीसीटी असेल तर पहिल्या अर्जापासून ३० महिन्यांच्या मुदतीत जपानमध्ये शिरा, जपानी भाषांतर दाखल करा, आणि परीक्षण-मागणी भारतीय निकाल येईपर्यंत राखून ठेवा. निकाल आला की मागणी आणि पीपीएच एकाच दिवशी द्या.

पीपीएच विनंतीला जपानमध्ये शुल्क नाही. परीक्षण-मागणीला आहे: थेट जपानमध्ये केलेल्या अर्जाला १,३८,००० येन, शिवाय प्रत्येक दाव्यामागे (क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क हवा ते सांगणारे वाक्य) ४,००० येन. दावे आटोक्यात ठेवायला हेही एक कारण पुरते.

दावे शब्दशः तपासा

जपानी अर्जातला प्रत्येक दावा भारतात मंजूर झालेल्या कुठल्या तरी दाव्याशी पुरेसा जुळला पाहिजे. व्याप्ती तीच असावी किंवा त्याहून अरुंद.

समजा, भारतात झडप, स्प्रिंग आणि सेन्सर असलेला पंप मंजूर झाला. जपानमध्ये झडप, स्प्रिंग, सेन्सर आणि मूळ वर्णनात असलेला फिल्टर असा दावा चालतो, कारण तो अरुंद झाला. सेन्सर गाळून फक्त झडप आणि स्प्रिंग असा दावा केला तर तो रुंद झाला, चालत नाही. सेन्सरच्या जागी फिल्टर घातला तरी चालत नाही. आणि भारतात फक्त पंप मंजूर असताना जपानमध्ये 'पंप बनवण्याची पद्धत' जोडली, तर दाव्याचा प्रकारच बदलतो; विनंती तिथेच अडते.

भारतात एफईआरला उत्तर देताना दावे बहुधा आवळले जातात, पण जपानला गेलेले भाषांतर मूळ, रुंद दाव्यांचे असते. दोन्ही बाजूंचे एजंट वेगळे असले की ही तफावत कुणाच्याच लक्षात येत नाही. मंजूर झालेले अंतिम दावे जपानी वकिलाला पाठवून तिथे दुरुस्ती दाखल करून घ्या, मगच विनंती.

कागद

परदेशी अर्जदाराला जपानी पेटंट वकिलामार्फतच जावे लागते. त्याला द्यायचे ते असे: भारतीय कार्यालयाची सगळी परीक्षण-पत्रे, मंजूर दाव्यांची प्रत, अहवालात उल्लेख झालेले पेटंटेतर शोधनिबंध, आणि दोन्हीकडच्या दाव्यांचा ताळमेळ दाखवणारा तक्ता. भारतीय पत्रे इंग्रजीतच असतात, त्यामुळे जपानीत भाषांतर लागत नाही. तक्त्यात नुसते 'दावा १ = दावा १' लिहून भागत नाही; शब्द वेगळे असतील तिथे फरक काय आणि तो अरुंद का, हे एका वाक्यात सांगावे.

पुढे जपानी परीक्षकाने हरकत काढली तर ती दूर करण्यापुरते दावे बदलता येतात; तेव्हा भारतीय दाव्यांशी जुळवण्याचे बंधन तिथे राहत नाही. पीपीएच हुकलाच तर हताश होऊ नका. दुसऱ्या देशातही दाखल झालेल्या अर्जांसाठी जपानची स्वतःची वेगळी जलद परीक्षण सोय आहे, तीही विनाशुल्क. वकिलाला ती विचारा.

उलटी दिशा: जपानकडून भारतात

इथे अटी कडक आहेत. भारताने वर्षाला १०० अर्जांची मर्यादा घालून सुरुवात केली आणि क्षेत्रेही ठरवून दिली: विद्युत, इलेक्ट्रॉनिक्स, संगणक, माहिती तंत्रज्ञान, भौतिकी, स्थापत्य, यांत्रिकी, वस्त्रोद्योग, वाहने, धातुशास्त्र. औषधे आणि रसायने त्यात नाहीत. जपानने मात्र सर्व क्षेत्रे खुली ठेवली. विनंती करण्यापूर्वी भारतीय कार्यालयाच्या संकेतस्थळावरची ताजी सूचना वाचा. अर्ज प्रसिद्ध झालेला हवा, एफईआर निघालेला नसावा. जपानने मंजूर केलेल्या सॉफ्टवेअरच्या दाव्यावर भारतात कलम ३(के) ची, म्हणजे निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट नाकारणाऱ्या कलमाची, हरकत येऊ शकते. पीपीएच तिला अडवत नाही.

अमेरिकेला जायचे असेल तर

भारतीय मंजुरी घेऊन अमेरिकेत पीपीएच मागता येतो, असा बऱ्याच जणांचा समज असतो. येत नाही. जानेवारी २०१४ मध्ये सुरू झालेल्या ग्लोबल पीपीएचच्या गटात भारत नाही. पण जपान आणि अमेरिका आहेत, आणि त्या गटात पहिला अर्ज कुठे केला याला महत्त्व नसते. सर्वांत आधीची तारीख समान असली की पुरते. म्हणून भारतीय निकालावर जपानमध्ये मंजुरी घ्यायची आणि जपानी मंजुरीवर अमेरिकेत विनंती करायची, असा दोन उड्यांचा मार्ग निघतो. अमेरिकी परीक्षकाने तोवर काम सुरू केलेले नसावे, एवढे सांभाळा.

दुसरा मार्ग पीसीटी अर्ज भरतानाच ठरतो. शोध-अहवालासाठी भारतीय कार्यालय निवडले तर शुल्क कमी पडते आणि भारतात जलद परीक्षण मिळते, पण तो अहवाल अमेरिकेच्या पीपीएचला उपयोगी पडत नाही. युरोपीय कार्यालय निवडले तर खर्च वाढतो, मात्र त्याचा अनुकूल अभिप्राय थेट अमेरिकेत पीपीएचसाठी वापरता येतो. मुख्य बाजार अमेरिका असेल तर दुसरे निवडावे, भारत आणि जपान असतील तर पहिले. अर्ज गेल्यावर ही निवड फिरवता येत नाही.